गुरुवारी पाठवा: आठवड्याच्या टिपणाबद्दल एका ग्रंथपालाचं उत्तर

प्रश्न: मी डिचोलीच्या एका शाळेत मराठी शिकवते. दर रविवारी ओळखीच्या पन्नासेक लोकांना फोनवरून एक टिपण पाठवते. त्यात आठवडाभरात वाचलेलं पुस्तक, आवडलेला लेख आणि बाजारात किंवा घरात सापडलेली एखादी उपयोगी गोष्ट असते. सुरुवातीला मजा आली. आता सगळी टिपणं एकसारखी वाटतात. उत्तरादाखल 'छान' येतं, नाहीतर जोडलेले हात. दर आठवड्याला नवं पुस्तक वाचूनही होत नाही. काय निवडावं, कसं लिहावं, आणि मुळात हे चालू ठेवावं का?

उत्तर:

चालू ठेवा. फक्त रविवार सोडा आणि टिपण गुरुवारी सकाळी पाठवा. त्याचं कारण पुढे येईल.

सोबत जोडलेली तुमची टिपणं वाचली. भाषा स्वच्छ आहे, मराठीच्या बाईंची असावी तशी. पण त्यांतलं पुस्तक 'प्रत्येकाने वाचावं असं', लेख 'अंतर्मुख करणारा' आणि काचेची बरणी 'खूप उपयोगी'. हे जूनमध्ये आलं काय नि जानेवारीत आलं काय, डिचोलीहून आलं काय नि नाशिकहून आलं काय, वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. मग तो 'छान' म्हणतो. बिचारा दुसरं म्हणणार तरी काय?

फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात माझी सगळी नोकरी झाली. दाराजवळच्या फळ्यावर दर आठवड्याला हाताने लिहिलेला एक कागद लागायचा. काय वाचलं, नवीन काय आलंय, बाहेर काय बघण्यासारखं आहे, असं त्यावर असायचं. निवृत्तीनंतर तोच कागद फोनवरून जायला लागला. या कामात मी एकच चाळणी वापरत आले. प्रत्येक नोंदीला विचारायचं: ही मागच्या आठवड्यात लिहिता आली असती का? पुढच्या आठवड्यात लिहिली तर चालेल का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर ती वहीत राहू दे, तिला घाई नाही. 'नाही' उत्तर येणाऱ्या नोंदी आधी घ्यायच्या. आठवड्याच्या टिपणात आठवडा दिसला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

बाजारातल्या गोष्टींना ही चाळणी लावणं सोपं, कारण गोव्याचा बाजार आठवड्याआठवड्याला रूप बदलतो. मानकुराद आंबा घ्या. हंगामाच्या तोंडावर पहिली फळं येतात तेव्हा डझनाचा भाव हजारांत जातो आणि त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. मे महिन्यात तोच आंबा आवाक्यात येतो. मग पाऊस पडला की चिरलेल्या फोडीत अळी निघण्याची भीती. 'मानकुरादाची गोडी काही औरच' हे गोव्यातल्या माणसाला सांगणं म्हणजे त्याचा वेळ घेणं आहे. 'या आठवड्यात भाव उतरलाय, आता घ्या, पुढच्या पंधरवड्यात पाऊस गाठेल' हे मात्र कामाचं. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताची खरेदी चालते. मिरची, सोलं, चिंच, सुकी मासळी, कांद्याच्या माळा, सगळं वर्षाच्या बेगमीचं. तेव्हा हरमलची मिरची आणि काणकोणच्या खोल्याची मिरची, दोन्हींची नावं कानावर पडतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावाखाली भलतीही खपते. बाहेरून येऊन इथे राहिलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं आणि विचारायला लाज वाटते. अशा माणसासाठी लिहा. खोल्याची मिरची लालभडक रंगासाठी घेतात, तिखटपणा मध्यम; कुणाकडे घेतली, किलोला काय पडली, देठासकट होती की देठ काढलेली. इतकं लिहिलंत की 'छान' येणार नाही. 'ती बाई कुठे बसते?' असं येईल.

जून-जुलैतही विषय आटत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. मग नदी-खाडीची मासळी, तिसऱ्या (शिंपले) आणि पुरुमेंतात भरून ठेवलेलं खारं बाहेर निघतं. तायकिळ्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, कोवळ्या पानांची भाजी याच दिवसांतली. आठवडा चुकला की तायकिळा निबर होतो आणि मग त्यावर लिहून उपयोग नाही.

आता गुरुवारचं कारण. तुमच्या डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो, म्हापशाचा शुक्रवारी. बुधवारी फिरून बघा, रात्री लिहा, गुरुवारी सकाळी पाठवा. वाचणारी शुक्रवारी पिशवी घेऊन म्हापशाला जाईल किंवा शेजारणीला आणायला सांगेल. रविवारच्या टिपणातली भाजी तिला कधी मिळणार? पुढल्या बुधवारी, आणि तोवर ती बाजारातून गेलेलीही असेल.

ठिकाण आणि भाव द्यावा असं म्हटलं, त्याला एक अपवाद आहे: अळंबी. श्रावणाच्या आगेमागे रानातली अळंबी पानांत बांधून रस्त्याकडेला विकायला येतात, भाव शेकड्यावर. ती वारुळावर, आपल्या भाषेत रोयणीवर, उगवतात. वाळवी आपल्या घरात ज्या बुरशीची शेती करते तिचंच ते फळ. म्हणून शेडमध्ये पिकवायच्या बटण अळंब्यांसारखी ती लावता येत नाहीत. छत्री उघडायच्या आधी सगळे कळे खुडले तर बीजाणू पडायचे राहतात, आणि वारूळच खणलं तर पुढच्या वर्षाचीही आशा संपली. सत्तरी-सांग्याकडची माणसं आपली जागा सख्ख्या पाहुण्यालाही सांगत नाहीत, आणि बरोबर करतात. तेव्हा त्या आठवड्यात अळंब्यांवर जरूर लिहा. कळे मागू नका, उघडलेली घ्या, असं लिहा. तोंडल्यासारखी घासाघीस करू नका, असंही लिहा. पण कुठल्या डोंगरावर मिळाली हे लिहू नका. तुमचं टिपण पन्नास जणांना जातं म्हणता. पुढे पाठवलेलं किती जणांना जातं त्याचा हिशेब नसतो.

त्याच नोंदीला लागून वाचनाची नोंद आपसूक येते. गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. लोकदैवतांवरचा एखादा लेख तुम्ही कधीतरी वाचून बाजूला ठेवला असेल, त्याचा आठवडा हाच. जेवणातलं अळंब्याचं तोंडाक आणि देवळातलं वारूळ एका टिपणात शेजारी आली की वाचणारा थबकतो. असं जुळवायला जाऊ नये मात्र. जुळलं तर जुळलं. ओढून ताणून जुळवलेलं लगेच कळतं.

पुस्तकांकडे येते. दर आठवड्याला नवं पुस्तक कुणाचंच वाचून होत नाही. होतं म्हणणाऱ्याकडे जरा संशयाने बघावं. टिपणाला वाचन लागतं, संपवलेलं पुस्तक लागत नाही. 'अर्ध्यावर आहे, पण दुसरं प्रकरण आजच सांगावंसं वाटतंय' हे चालतं. जुनं पुस्तक योग्य आठवड्यात काढणं तर नव्यापेक्षा कितीतरी सरस. नव्याची जाहिरात प्रकाशक करतोच आहे.

आणि लेखाला कमी लेखू नका. साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. शाळेचं शिक्षण बेताचं, घरच्या नारळाच्या बागायतीत लक्ष घालायचं. अशा तरुणाच्या हाती 'बालबोध' मासिकातला बुद्धावरचा लेख पडला. 'बालबोध' म्हणजे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली मुलांसाठी काढलेलं मासिक. १८९९ मध्ये या माणसाने घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असा फिरत पाली शिकला आणि पुढे हार्वर्डमध्ये जाऊन पाली ग्रंथावर काम केलं. 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सगळं त्यांच्याच साध्या भाषेत आहे. पोर्तुगीज अमलातल्या साखवाळमध्ये मुंबईकडचं मासिक कुणीतरी आणलं असणार, कुणीतरी 'हे बघ' म्हणून पुढे केलं असणार. मी ही नोंद जूनमध्ये काढते. शाळांची गडबड सुरू असते, दप्तरं-छत्र्यांचा खर्च चालू असतो, आणि मुलांच्या मासिकाची वर्गणी भरावी की नाही याचा निकाल आईबाप त्याच दिवसांत लावतात. जुनंच पुस्तक, पण त्याला आठवडा सापडला.

लिहायचं कसं, ते तुमच्याच एका नोंदीवर दाखवते. तुम्ही लिहिलंत: 'महादेवशास्त्री जोशी यांचं आत्मपुराण वाचलं. अप्रतिम आत्मचरित्र. गोमंतकीयांनी आवर्जून वाचावं.' यात चूक काहीच नाही, पण यावर कुणी उठून कपाटाकडे जाणार नाही. मी असं लिहिलं असतं:

'सत्तरीत सध्या घराबाहेर पडू नये असा पाऊस आहे. आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोशींचं आत्मपुराण घेऊन बसायला याहून चांगले दिवस नाहीत. आधी सत्तरीतल्या लहानपणाचा भाग वाचा, पुण्याचा नंतर वाचलात तरी चालेल. वाचून झाल्यावर तालुका वाचनालयात भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड आहेत का ते विचारा. तो उभा करणारेही हेच. घटना भराभर पुढे सरकाव्यात असं वाटणाऱ्याने हे पुस्तक घेऊ नये. माझी प्रत वाचनालयाची आहे, सोमवारी परत करतेय.'

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. प्रत सोमवारी मोकळी होणार हे कळल्यावर कुणीतरी मंगळवारी वाचनालयात पोचतं. आणि कुणी वाचू नये हेही जरूर लिहा. सगळ्यांनी वाचावं असं म्हटलेलं पुस्तक कुणी उघडत नाही, कारण ते आपल्यासाठी आहे असं एकालाही वाटत नाही.

पुस्तक कुठे मिळेल हे लिहिताना पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची आठवण लोकांना करून द्या. १८३२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेलं हे ग्रंथालय आता कृष्णदास शामांच्या नावाने पाटोला, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पणजीला दाखल्यांसाठी, दवाखान्यासाठी खेपा घालणाऱ्या कितीतरी लोकांना ते दारातच आहे हे ठाऊक नसतं. गावच्या वाचनालयात जे नाही ते तिथे मागावं. जुन्या मराठी वर्तमानपत्रांसाठी तर मी दुसरीकडे कुठे पाठवतच नाही.

कोकणी पुस्तकंही घ्या. तुमचे वाचणारे घरी कोकणी बोलतात नि देवनागरी सहज वाचतात. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो या दोघा ज्ञानपीठवाल्यांना भाषेच्या वादापायी बाजूला ठेवणं हा शुद्ध करंटेपणा. त्यावरून कुणी वाद घालायला आलं तर उत्तर देऊ नका, पुढच्या गुरुवारची तयारी करा.

एका सवयीबद्दल थोडं कडक बोलते. तुमच्या एका टिपणात पुस्तकाच्या पानांचे फोटोच फोटो आहेत. हे करू नका. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. धर्मानंद कोसंबी १९४७ साली गेले, त्यांचं लेखन मोकळं झालं आहे, ते हवं तेवढं द्या. कवी बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले; त्यांचा हक्क २०४४ च्या अखेरपर्यंत आहे. परीक्षणाच्या ओघात दोन ओळी देणं वेगळं, अख्खी कविता फोटो काढून पाठवणं वेगळं. कायदा बाजूला ठेवला तरी, पान आयतं मिळालेला माणूस पुस्तकापर्यंत जात नाही, आणि आपल्याला तर तो जायला हवा आहे.

जयंती-पुण्यतिथीच्या कुबड्याही सोडा. तारीख आली की आठवडा मिळाला असं वाटतं, पण त्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्रात तेच असतं. १८ जूनला, गोवा क्रांतिदिनाला, लिहायचंच असेल तर राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेबद्दल सगळेच लिहितात. तुम्ही असोळण्याला जाऊन या. १९४६ मध्ये लोहिया गोव्यात आले ते असोळण्याच्या डॉ. ज्युलियांव मिनेझिसांकडे पाहुणे म्हणून, प्रकृतीला विश्रांती मिळावी म्हणून. त्या गावात आज काय दिसतं ते तीन ओळींत लिहा.

ओळखीच्या लेखकांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण लवकरच विचाराल. गोवा एवढासा. ज्याचं पुस्तक तुम्हाला आवडलं नाही तो जांबावलीच्या गुलालात भेटतो, नाहीतर लग्नात शेजारच्या पानावर बसतो. माझा नियम सोपा आहे. आवडलं नाही तर लिहायचं नाही, आणि भिडेखातर स्तुतीही करायची नाही. भेट म्हणून आलेलं पुस्तक असेल तर 'लेखकाने दिलं' हे नोंदीत आलंच पाहिजे. एकदा भिडेने लिहिलंत की वाचणाऱ्यांना वास येतो, आणि पुढच्या खऱ्या शिफारशीवरही ते विश्वास ठेवत नाहीत. कवितासंग्रहाच्या बाबतीत ही भीड फार महागात पडते, कारण गोव्यात दर तिसरं घर कवीचं.

घरातल्या वस्तूंविषयी. काचेची बरणी उपयोगी असते हे कुणाला माहीत नाही? पण कुठल्या आठवड्यात? गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. मृगाच्या आधी बरणी रिकामी करून, उन्हात तापवून, पूर्ण गार झाल्यावर पापड भरले तर ते गणेश चवथीपर्यंत कडकडीत राहतात. गरम बरणीत भरले तर आत घाम येतो. ही नोंद मेच्या शेवटच्या आठवड्याची. ऑगस्टमध्ये वाचून उपयोग शून्य.

पुस्तकांचंही तेच, आणि यावर मी दरवर्षी न चुकता लिहिते. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नये, चार बोटं अंतर सोडावं. पुस्तकं दाबून भरू नयेत, मध्ये हवा खेळली पाहिजे. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, त्याने ती कागदात मुरते. आधी पुस्तक हवेशीर जागी उघडून कोरडं करायचं, मग तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने झाडायचं. कडक उन्हात टाकू नये, कागद करपतो आणि बांधणीचा डिंक सुटतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळलेला, ओलसर पाला स्वतःच ओल आणतो. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते ती फेकू नका, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. या नोंदीला येतात तेवढी उत्तरं मला कुठल्याही कादंबरीच्या नोंदीला आलेली नाहीत. आजोबांची पोथी, आईची पाककृतींची वही, जुने दिवाळी अंक, प्रत्येकाच्या घरात काहीतरी भिजतच असतं.

किती नोंदी असाव्यात? चार-पाच, त्याहून जास्त नको. एखाद्या आठवड्यात एकच गोष्ट सांगण्यासारखी असेल तर एकच पाठवा. ती एकटीच आली की लोक नीट वाचतात. भरताड नोंदीने मात्र बाकीच्या चारही नोंदी पातळ होतात. त्यासाठी वही कायम जवळ ठेवा आणि ज्या दिवशी दिसलं त्याच दिवशी टिपा. भाव, नाव, पान क्रमांक हे तीन दिवसांनी आठवत नाहीत, फक्त 'छान होतं' एवढं आठवतं. तुमच्या टिपणांत ते फार येण्याचं कारण हेच असावं असा माझा अंदाज आहे.

उत्तरं यावीत असं वाटत असेल तर शेवटी एक प्रश्न घाला, पण 'कसं वाटलं?' असा नको. त्याचं उत्तर 'छान'च येणार. ज्याचं उत्तर एखाद्याकडेच असेल असं विचारा. सात शिरांच्या भेंडीचं बी कुणाकडे आहे? घरात पोदेराची (पाववाल्याची) पाव मोजायची जुनी वही कुणी जपलीय का? तुमच्या शाळेत पूर्वी कुठली मासिकं यायची? वयस्कर माणसं टाईप करत नाहीत, आवाजाचा निरोप पाठवतात, तो शेवटपर्यंत ऐका. पुढच्या दोन आठवड्यांची नोंद त्यात असते. 'छान'वाल्यांना तसंच राहू द्या. त्यांतली काही माणसं काही न बोलता जाऊन पुस्तक घेतात, हे मी काउंटरच्या आतून बघितलंय.

आणि चवथीच्या आठवड्यात टिपण पाठवूच नका, कुणाला उसंत नसते. त्याच्या आदल्या गुरुवारी पाठवा, आणि त्यात पुस्तक नको, फक्त माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान: कवंडळं, कांगलां, तोरिंगणं, घागऱ्या, सुपारीचे कातरे, यातलं डिचोलीत काय आलंय, काय अजून यायचंय, आणि कुठली वस्तू परसात असताना लोक उगाच विकत घेतात.